क्लब सुटल्यावर

मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे एकाच संघाने जिंकला. त्या संघाचे नाव हैदराबाद सिटी पोलीस. त्या पाचही वर्षांत नांदेड हैदराबाद राज्यात होते, आणि लातूर हे त्याच राज्याच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव होते. कागदोपत्री पाहिले तर मराठवाड्याचा राज्य-संघ पाच वर्षे मुंबईत जाऊन मुंबईचा चषक उचलून आणत होता. तरी आमच्याकडच्या कुठल्याही घरात ही आठवण सांगितली जात नाही. कुस्तीच्या आठवणी सांगितल्या जातात, हॉकीच्या सांगितल्या जातात. फुटबॉलची एकही नाही.

याचे एक कारण उघड आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत ज्यांनी निजामाचे पोलीस आणि रझाकार एकाच बाजूला उभे असलेले पाहिले, त्यांनी पुढल्या दोन वर्षांत ‘पोलीस’ नावाच्या संघासाठी टाळ्या वाजवाव्यात ही अपेक्षाच चुकीची. माझ्या आजोबांच्या बोलण्यात ‘पोलीस’ हा शब्द यायचा तो ‘अ‍ॅक्शन’च्या आधी, आणि तेवढ्यापुरताच. दुसरे कारण भूगोलाचे आहे. हैदराबादचा फुटबॉल हा हैदराबाद शहराचा आणि सिकंदराबादच्या छावणीचा होता. संस्थानाचा सारा पैसा, शाळा, मैदाने, इस्पितळे राजधानीत एकवटलेली. जिल्ह्यांच्या वाट्याला महसूल भरण्याचे काम. नांदेडच्या मुलाने चेंडूला पाय लावावा अशी सोय त्या राज्यात कुणी केलेली नव्हती.

पण त्या संघाची एक गोष्ट पुढच्या विषयासाठी लक्षात ठेवली पाहिजे. त्यातले खेळाडू पोलीस होते, म्हणजे नोकरदार होते. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मुळात शाळामास्तर. ज्याचा उजवा पाय चांगला त्याला डाव्या पायाने खेळायला लावायचे, चेंडू घोळवण्यास बंदी घालून सामने भरवायचे, असे मास्तरकीला शोभणारे प्रयोग त्यांनी केले. त्यांच्या हाताखाली भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदके मिळवली, आणि १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. (२०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला तेव्हा पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले.) १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबादपासून सुटून मुंबई राज्यात गेला. बरोबर महिन्याने, १ डिसेंबरला, हैदराबादच्या रहीमसाहेबांच्या संघातर्फे मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. आमचा प्रदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असताना दोन्ही राज्यांचा फुटबॉल शिखरावर होता, आणि आम्ही दोन्हीकडे नव्हतो.

तर नोकरी. भारतीय फुटबॉलचा इतिहास गोल आणि चषक यांच्या हिशेबाने लिहिला जातो. तो खरे तर नोकरीच्या हिशेबाने लिहायला हवा. खेळाडूला तेव्हा खेळण्याचा पगार नव्हता, खेळतो म्हणून नोकरी मिळत असे. हैदराबादेत पोलीस खाते होते. मुंबईत टाटा होते, कॅल्टेक्स होते, रेल्वे होती, मफतलाल आणि ऑर्के या गिरण्यांचे संघ होते, पुढे बँका आणि एअर इंडिया आली. सकाळी मैदान, दुपारी टेबल. ही व्यवस्था काही आदर्श नव्हती. तीत खेळाडू वाढण्यापेक्षा निवांत होत असे, आणि तिशीनंतरही जागा अडवून बसत असे. परंतु एक प्रश्न तिने सोडवलेला होता: गुडघा गेल्यावर काय? गुडघा गेल्यावर माणूस टेबलावर बसत असे आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होत असे. ज्या मैदानात तो धावला त्याच्या मालकाचाच तो आजन्म नोकर असे. याला कोणी गुलामगिरी म्हणेल. ज्याच्या घरी तीन लहान भावंडे आहेत तो म्हणणार नाही.

ही व्यवस्था कोसळताना ज्याने आतून पाहिली असा एक माणूस म्हणजे खालिद जमील. १९७७ साली कुवेतमध्ये जन्मलेला हा मुलगा मुंबईत येऊन फुटबॉलपटू झाला. मधल्या फळीत खेळणारा, न थकणारा, पण ज्याच्या नावाने तिकिटे खपावीत असा नव्हे. महिंद्र, मग एअर इंडिया, मग २००२ पासून पुन्हा महिंद्र युनायटेड. राष्ट्रीय संघातही तो खेळला. २००५-०६ साली महिंद्र युनायटेडने नॅशनल फुटबॉल लीग जिंकली. ती स्पर्धा तोवर गोवा, बंगाल आणि पंजाब यांच्या हाती होती. महाराष्ट्रातील संघाने ती जिंकण्याची ही पहिली आणि शेवटची वेळ. १९६२ पासून चालत आलेला हा संघ चार वर्षांनी, २०१० च्या हंगामानंतर, कंपनीने बंद केला. तो तोट्यात होता म्हणून नव्हे, हरत होता म्हणून तर मुळीच नव्हे. कंपनीने आपले लक्ष शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे वळवायचे ठरवले, इतकेच. पुढल्या वर्षी पंजाबात जेसीटीने तेच केले. २०१३ मध्ये एअर इंडियाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेबाहेर पडला, कारण आता स्पर्धेला ‘क्लब’ हवे होते, ‘खाती’ नकोत. नियम रास्त होता. त्याने नोकरी संपवून करार आणला, आणि करार संपल्यावर काय हे सांगायला विसरला.

खालिदने महिंद्र सोडले ते त्याच्या आधीच, २००७ साली, नव्याने निघालेल्या मुंबई एफसीसाठी. तिथे दुखापतींनी त्याला गाठले. क्लबने त्याला खेळाडू म्हणून घेतले, आणि २००९ साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तो त्याच क्लबचा मुख्य प्रशिक्षक झाला. पुढची सात वर्षे म्हणजे एका गरीब संघाला वर्गात पास करून घेण्याची कहाणी आहे. बचाव पक्का, गोल थोडे, बरोबरी पुष्कळ. मुंबई एफसीचा सामना पाहणे हे फारसे रंजक काम नव्हते हे कबूल केले पाहिजे. पण बंगाल-गोव्याचे क्लब आणि नंतर बंगळूरचा श्रीमंत क्लब यांच्या स्पर्धेत, अर्धा वेळ कूपरेजचे मैदानही हाताशी नसताना, हा संघ एकदाही खाली घसरला नाही. सात हंगाम टिकणे हा इथे सात चषकांपेक्षा कमी पराक्रम नाही.

२०१६ चा हंगाम संपल्यावर क्लबने त्याला जाऊ दिले.

‘जाऊ दिले’ या शब्दप्रयोगात किती सभ्यता आहे! त्या वर्षी भारतीय प्रशिक्षकाने मुंबई सोडून जायचे कुठे? इंडियन सुपर लीगच्या सर्व संघांना परदेशी मुख्य प्रशिक्षक. आय-लीगमधून गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग हे क्लब त्याच उन्हाळ्यात बाहेर पडलेले. एअर इंडियाचे टेबल नाही, महिंद्रचे दार बंद. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, एकाच शहरात जवळजवळ वीस वर्षे घालवून, माणूस हातात प्रशिक्षकाचा परवाना घेऊन उभा. आमच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार गावातून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत गेले आणि पुढे पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत स्वतः वस्ताद झाले. पैलवानाचा प्रवास असा असतो: लंगोट सुटला तरी तालीम सुटत नाही. फुटबॉलला तालीम नसते.

खरे तर हे पूर्ण सत्य नाही. महाराष्ट्रातल्या एका शहरात फुटबॉललाही तालीम आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम यांचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात, आणि ते पेठेचे असतात, मालकाचे नसतात. पेठ आहे तोवर संघ आहे. या संघांनी देश जिंकला नाही, त्यांच्या सामन्यांत कधी कधी चेंडूपेक्षा दगड अधिक उडतात. पण कंपनीच्या संचालक मंडळाच्या एका ठरावाने त्यांचा शेवट होऊ शकत नाही. मुंबई-पुण्याच्या क्लबांची यादी यापुढे ठेवून पाहावी. पुणे एफसी, गेले. भारत एफसी, एका हंगामात, २०१५ मध्ये गेले. डीएसके शिवाजीयन्स, २०१७ मध्ये गेले. शिवरायांच्या नावाचा संघ एका बांधकाम व्यावसायिकाच्या अडचणींबरोबर बुडाला, यात कोणाला काही खटकल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

खालिदला बोलावणे आले ते मिझोरममधून. ऐझॉल एफसी हा क्लब त्याच २०१५-१६ च्या हंगामात आय-लीगमधून खाली घसरला होता. गंमत अशी की त्याच्याही खाली डीएसके शिवाजीयन्स होते. पण तो संघ पैसे भरून थेट प्रवेश घेतलेला, म्हणून त्याला घसरण्यापासून सूट होती. पुढे गोव्याचे क्लब निघून गेल्याने जागा रिकाम्या झाल्या आणि ऐझॉलला पुन्हा आत घेतले गेले. असा हा उरल्यासुरल्या जागेवरचा संघ, आणि त्याला असा हा उरलेला प्रशिक्षक. त्याच्याबरोबर मुंबईचे जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे खेळाडूही गेले. राणे हा मधल्या फळीतला अखंड धावणारा गडी. आधीच्या संघात पुरेसा न पटलेला माणूस दुसऱ्या गावात जाऊन किती उपयोगी पडतो याचे मोजमाप कुठल्याही तक्त्यात नसते.

२२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलमध्ये मोहन बागानचा सामना झाला. ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने गोल केला आणि ऐझॉल एका गोलाने जिंकले. आठवडाभराने, ३० एप्रिलला, शिलाँग लाजाँगशी १-१ अशी बरोबरी करून त्यांनी आय-लीग जिंकली, मोहन बागानपेक्षा एका गुणाने पुढे राहून. ईशान्य भारतातील क्लबने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच हंगामात मुंबई एफसी तक्त्याच्या तळाला राहिले, खाली घसरले आणि बंद झाले.

या दोन वाक्यांवर थांबून ‘बघा, कसे उट्टे निघाले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण मुंबई एफसी बंद पडल्यावर त्यातले जे खेळाडू बेकार झाले त्यांचा खालिदला जाऊ देण्याच्या निर्णयात काय हात होता? ते केवळ पुढच्या रांगेत उभे राहिले. विजेत्या ऐझॉलचेही फार चांगले झाले नाही. वर्षभरात संघ विखुरला, प्रशिक्षक कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला, एका हंगामानंतर तिथूनही निघाला. मग मोहन बागान, मग नॉर्थईस्ट युनायटेड, मग जमशेदपूर. नॉर्थईस्टमध्ये २०२१ साली तो सुपर लीगमधील पहिला कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरला. ऑगस्ट २०२५ मध्ये तो भारताचा प्रशिक्षक झाला, सावियो मदेरानंतर तेरा वर्षांनी आलेला पहिला भारतीय. पहिल्याच स्पर्धेत संघ ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा आला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरने गोव्यात येऊन आपल्याला हरवले आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशकडूनही हार झाली. ज्यांनी ऑगस्टमध्ये हार घातले त्यातलेच काहीजण हिवाळ्यात दुसरा शोधा म्हणू लागले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा पुढला हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवला गेला, कारण महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. याच सुमारास हैदराबाद एफसी हा क्लब दिल्लीला हलवण्यात आला आणि त्याचे नावही बदलले. हा हैदराबाद एफसी मुळात कोण? २०१९ साली बंद पडलेल्या एफसी पुणे सिटीची जागा घेऊन तो निघाला होता. २०२२ साली त्याने सुपर लीग जिंकली. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादला गेली, हैदराबादची दिल्लीला.

नांदेडहून देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला सिकंदराबादला जाते आणि दुसऱ्या बाजूला मुंबईला. दोन्ही टोकांना आज रोव्हर्स चषक नाही. २०००-०१ नंतर तो खेळला गेलेला नाही. इथल्या शाळांच्या मैदानांवर आता संध्याकाळी मुले फुटबॉल खेळताना दिसतात, पाठीवर युरोपातल्या खेळाडूंची नावे असलेले सदरे घालून. त्यातला एखादा खरोखरच चांगला निघाला, तर त्याचे वडील पहिला प्रश्न विचारतील तो नोकरीचा. पोलीस भरतीत खेळाडूंसाठी राखीव जागा असतात, हे त्यांना ठाऊक असते.