घराण्याच्या इतिहासाचा वाचक

महाराष्ट्रातील घराण्यांच्या लिखित इतिहासाचा पहिला वाचक घरातला नव्हता; तो निवाडा करणारा होता. वतनाचा तंटा उभा राहिला की वादी आणि प्रतिवादी आपापल्या घराण्याची हकिकत गोतसभेपुढे, म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदार यांच्या सभेपुढे, लेखी मांडत, आणि अशा लेखाला करीना म्हणत. वतन मूळ कोणी संपादले, भाऊबंदांत ते कसे वाटले गेले, कोण दत्तक गेला, कोणी जुलमाने बळकावले, एवढेच त्यात येई. ज्या पूर्वजाच्या असण्यानसण्याने हक्काला बाध येत नव्हता, त्याचे नाव बहुधा गळत असे. म्हणून करीन्याला वंशाभिमानाचे लेखन समजणे चूक ठरेल. तो एका बाजूचा युक्तिवाद असतो आणि तसाच तो वाचावा लागतो.

असे कागद मूळ वाचकाच्या हातून सुटून भलत्याच्या हाती गेले म्हणजे काय घडते, याचे ठळक उदाहरण भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांचे आहे. या घराण्याकडे करीन्याबरोबर एक शकावली, म्हणजे शकवार टिपलेल्या घटनांची जंत्री, जपून ठेवलेली होती. शके १५४० ते १६१९ या काळातील तिच्या त्रोटक नोंदींत शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेस शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाल्याची नोंद आहे. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली ही शकावली प्रसिद्ध केली आणि शिवजन्माच्या तिथीचा वाद नव्याने पेटला. आज १९ फेब्रुवारीला होणारी शासकीय शिवजयंती याच तिथीला अनुसरते. देशमुखांच्या दप्तरातील एक ओळ सबंध महाराष्ट्राने वाचली, ती जेध्यांविषयी काही कळावे म्हणून नव्हे.

छापील कुलवृत्तांताचा प्रकार करीन्याच्या पुष्कळ नंतरचा. कोकणस्थ, म्हणजे चित्पावन, ब्राह्मणांत १९१४ साली आपटे घराण्याचा इतिहास निघाला, आणि पुढील काही दशकांत एकामागून एक आडनावांचे ग्रंथ तयार झाले. पद्धत बहुतेक सारखीच असे: कुलबांधवांचे मंडळ स्थापन होई, गावोगावी छापील पत्रके जात, वर्गणी गोळा होई, आणि आलेली माहिती गोत्र, कुलदैवत, मूळ गाव व शाखा यांच्या चौकटीत पिढीवार बसवली जाई. प्रत्येक पुरुषापुढे जन्म, शिक्षण, नोकरी वा धंदा, आणि पत्नीचे माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे येत. मुलींची नोंद होई, परंतु लग्न होऊन त्या ज्या घरी गेल्या त्या घरापाशी ती थांबे. तिथून पुढचा विस्तार दुसऱ्या आडनावाच्या ग्रंथाचा.

अशा ग्रंथाचा ठरलेला वाचक म्हणजे वर्गणीदार कुलबांधव, आणि तो चोखंदळ असला तरी त्याचा आवाका बेताचा असतो. तो आधी आपले पान काढतो, मग वडिलांचे व चुलत्यांचे, आणि चूक सापडली की संपादकांना पत्र लिहितो. पुरवण्या आणि सुधारित आवृत्त्या निघाल्या त्यात या पत्रांचा वाटा मोठा. सबंध ग्रंथ सलग वाचणारा वाचक मात्र बाहेरून आला. शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयात दक्षिण आशियाई संग्रहाचे काम पाहणाऱ्या मॉरीन पॅटरसन यांनी चित्पावनांचे कुलवृत्तांत सामाजिक इतिहासाचे साधन म्हणून अभ्यासले आणि त्यांवरील त्यांचा निबंध १९६८ साली मिल्टन सिंगर व बर्नार्ड कोहन यांनी संपादिलेल्या ग्रंथात आला. कुलबांधवाला जिथे आजोबांची बदली दिसे, तिथे या वाचनाला कोकणातून देशावर, देशावरून मुंबई-पुण्याकडे आणि भिक्षुकीतून सरकारी नोकरीकडे सरकलेला एक समाज दिसू शकत होता. संपादकांनी भक्तिभावाने भरलेले रकाने अभ्यासकाच्या कामी आले. प्रस्तावनांतील गौरवपर मजकुराचे तसे झाले नाही.

या दोन्ही प्रकारच्या वाचकांची जाण असलेला लेखक अंबरनाथ शहराच्या शेजारी, उल्हास खोऱ्यातील बदलापुरात होऊन गेला. न्यायखात्यात नोकरी केलेल्या नारायण गोविंद चापेकरांनी (१८६९–१९६८) १९३३ साली ‘आमचा गाव – बदलापूर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पुढच्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ‘चित्पावन’ हे पुस्तकही त्यांचेच. तरीही बदलापूरविषयी लिहिताना त्यांनी एकट्या आपल्या जातीचा वा कुळाचा वृत्तांत रचला नाही. गावातील निरनिराळ्या जातींची घरे, त्यांचे धंदे, चालीरीती आणि आर्थिक स्थिती यांची माहिती त्यांनी जमवली. या नोंदींमागे पुरावा तपासण्याची न्यायाधीशाची सवय असावी असे मानण्यास जागा आहे. ज्या कुटुंबांना स्वतःचा कुलवृत्तांत छापणे कधीच परवडले नसते, ती अशा रीतीने ग्रंथात आली.

उल्हास खोऱ्यातील बाकीच्या गावांना असा लेखक लाभला नाही. आज अंबरनाथ शहरात सामावलेल्या आणि औद्योगिक वसाहतीला नाव दिलेल्या मोरिवलीसारख्या गावातील जुन्या कुटुंबांचा इतिहास महसुली कागदांत विखुरलेला असतो: सातबारा, गाव नमुना सहामधील फेरफार, सहा-कमधील वारसनोंदी, आणि गाव नमुना चौदा, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यातील जन्ममृत्यूच्या नोंदी. बारशापूर्वी नोंदवलेल्या बाळाला अशा वहीत पुष्कळदा नावच नसते. बापाचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढेच असते. हे कागद कोणी हौसेने वाचत नसे. जमीन संपादनाच्या मोबदल्याने आणि जात पडताळणीने त्यांना वाचक मिळवून दिला, कारण इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे वास्तव्य आणि जात दाखवावी लागते व त्यासाठी शपथपत्रावर वंशावळ जोडावी लागते. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड जिल्ह्याजिल्ह्यांत एकाएकी वाढली. गोतसभेच्या जागी जात पडताळणी समिती आली आणि घराण्याची हकिकत पुन्हा निवाडा करणाऱ्यासमोर गेली.

एक फरक मात्र पडला आहे. स्त्रीची जात तिच्या वडिलांकडून ठरत असल्याने राखीव जागेवर निवडणूक लढवणाऱ्या विवाहितेला सासरची वंशावळ उपयोगी पडत नाही. तिला माहेरच्या गावी जाऊन वडील, आजोबा व पणजोबा यांच्या नोंदी शोधाव्या लागतात. स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्यापासून, कुलवृत्तांताने जिची नोंद लग्नापाशी थांबवली होती ती लेक तलाठ्याच्या दप्तरात आपल्या बापाच्या घराण्याची वाचक झाली आहे.