छताचे उष्णतारोधन : विश्रांतवाडीतील वरच्या मजल्याची घरे

उष्णतारोधन, छताचे : छतातून घरात शिरणारी किंवा घराबाहेर जाणारी उष्णता अडवण्यासाठी छताच्या वर किंवा खाली मंदवाहक द्रव्याचा थर बसवण्याचे काम. थंड देशांत ते मुख्यतः उतरत्या छपराखालच्या राहत्या माळ्यासाठी केले जाते आणि हिवाळ्यातली ऊब घरात राखणे हा त्याचा हेतू असतो. पुण्यात हेतू उलटा आहे. येथे एप्रिल-मेचे ऊन खोलीत उतरू द्यायचे नसते. शहराच्या ईशान्येला, आळंदी रस्त्यावर वसलेल्या विश्रांतवाडीत हा प्रश्न दोन प्रकारच्या घरांना भेडसावतो : सोसायटीतील शेवटच्या मजल्यावरची सदनिका आणि बंगल्याच्या किंवा रो हाउसच्या गच्चीवर पत्रा टाकून केलेली खोली. अभ्यासाची, भाडेकरूची किंवा पाहुण्यांची म्हणून बांधलेली ही पत्र्याची खोली हाच येथील राहता माळा होय.

पुणे सुमारे 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला, 13 तारखेच्या सुमारास, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत भिंतींवर दुपारचे ऊन फारसे पडत नाही. सगळा मारा गच्चीवर असतो. म्हणून भिंती जाड करण्यापेक्षा किंवा खिडक्यांना पडदे लावण्यापेक्षा आधी छताकडे पाहावे. शेजारी लोहगावचा हवाई दलाचा तळ व विमानतळ असल्याने या परिसरातील इमारतींच्या उंचीवर मर्यादा आहेत. इमारत जितकी बुटकी, तितका तिच्यातील थेट गच्चीखाली राहणाऱ्या कुटुंबांचा वाटा मोठा. विश्रांतवाडी, धानोरी, टिंगरेनगर या पट्ट्यात छताचा विचार इतर भागांपेक्षा जास्त का व्हायला हवा, याचे हे एक कारण आहे आणि ते सहसा कोणी लक्षात घेत नाही.

काँक्रीटचा स्लॅब उष्णता लगेच आत सोडत नाही. दुपारी तापलेल्या पृष्ठभागाची धग खालच्या बाजूला पोचायला जाडीनुसार चार ते सहा तास लागतात. बाहेर पश्चिमेचा वारा सुटून हवा निवलेली असते, पण शेवटच्या मजल्यावरचे छत रात्री दहालाही हाताला गरम लागते आणि पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलत राहतो.

छतातून किती उष्णता जाते हे यू-मूल्याने मोजतात. ते जितके कमी तितके छत चांगले. 150 मिलिमीटर जाडीच्या उघड्या स्लॅबचे यू-मूल्य 3.3 वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिनच्या आसपास भरते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी छतासाठी कमाल मर्यादा 1.2 ठेवली आहे. ढोबळ हिशेब असा : 12 चौरस मीटरची खोली, गच्चीच्या पृष्ठभागात आणि खोलीत 25 अंशांचा फरक, तर उघड्या स्लॅबमधून जवळजवळ 1,000 वॅट उष्णता आत येते. वर 50 मिलिमीटर एक्सपीएस (एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीन फोम) शीट असेल तर यू-मूल्य 0.5 वर येते आणि हाच आकडा 150 वॅटवर उतरतो. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याची चौथ्या हिश्शाहून अधिक ताकद एकट्या छताशी झगडण्यात जात होती, हे यावरून दिसते. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत जात असल्याने हे वाचलेले युनिट सर्वांत महागड्या टप्प्यातले असतात.

पहिला उपाय परावर्तनाचा. गच्ची पांढरी केली की ऊन फारसे शोषलेच जात नाही. पांढऱ्या चायना मोझॅकची गच्ची हे काम आपोआप करते. चुन्याचे हात किंवा उष्णता-परावर्तक रंग साध्या कोब्यावर चालतात. धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून उन्हाळ्यापूर्वी गच्ची धुवावी. ज्याला एकच गोष्ट परवडते त्याने हीच करावी.

दुसरा उपाय रोधक थराचा. स्लॅबवर जलरोधन, त्यावर एक्सपीएस शीट, त्यावर कोबा व फरशी, असा क्रम ठेवतात; कंत्राटदार याला ओव्हरडेक म्हणतात. नुसता विटांच्या तुकड्यांचा कोबा पाण्याला उतार देतो, पण उष्णता फार अडवत नाही. थर स्लॅबच्या वरच असावा. त्यामुळे स्लॅब सावलीत राहतो आणि त्याचे तापून-निवून हलणे व भेगा पडणे कमी होते. खालून थर्माकोल चिकटवून फॉल्स सीलिंग केल्यास खोली लवकर थंड होते खरी, मात्र स्लॅब तापतच राहतो, गळती सीलिंगमागे दडते आणि उघडा थर्माकोल आग लागली की झपाट्याने पेटतो.

पत्र्याच्या खोलीला मात्र खालूनच काम करावे लागते. पत्र्याखाली किमान 25 मिलिमीटर हवेची पोकळी, मग पत्र्याकडे चकाकती बाजू करून अॅल्युमिनियम फॉइल, त्यामागे 50 मिलिमीटर रॉकवूल आणि शेवटी जिप्सम बोर्ड. फॉइल पत्र्याला चिकटवल्यास तिचा उपयोग संपतो, पोकळी हवीच. वळचणीला हवा आत येण्याची आणि मोभाजवळ बाहेर जाण्याची जाळी ठेवावी. रॉकवूलमुळे पावसाचा ताडताड आवाज आणि वरून जाणाऱ्या विमानांचा घोंगावही कमी होतो, हा येथील रहिवाशांना मिळणारा मोठाच लाभ. नवीन बांधकामात पफ (पॉलियुरेथेन फोम) पॅनेल वापरले तर पत्रा आणि रोधक थर एकाच फळीत मिळतात. जुना सिमेंटचा पत्रा अॅस्बेस्टॉसचा असू शकतो. त्याला भोके पाडू नयेत, तो कापू नये.

हे ज्ञान महाराष्ट्राला नवे नाही. मराठवाडा व सोलापूरकडील माळवदाच्या घरांत लाकडी सरांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो. कोकणात कौलांखालचा माळा ऊन आणि माजघर यांच्यामध्ये हवेचा पडदा धरतो. स्लॅब आणि पत्रा आले तेव्हा पाणी थांबवण्याची काळजी घेतली गेली, उन्हाची राहून गेली.

कामाची वेळ जलरोधनाबरोबरची. गच्ची उखडलेलीच असते तेव्हा रोधक थराचा वाढीव खर्च तुलनेने थोडा येतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदी रस्त्याने विश्रांतवाडीत येते. तोवर पाऊस दाराशी असतो, म्हणून काम मेअखेर संपलेले बरे.

गृहनिर्माण सोसायटीत गच्ची सर्वांची असते, ताप मात्र शेवटच्या मजल्याचा. आदर्श उपविधींनुसार गच्चीच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने होते, पण उष्णतेचा तेथे उल्लेख नाही. 2018 ची इको निवास संहिताही 500 चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या निवासी प्रकल्पांसाठी लिहिलेली आहे. जुन्या इमारती तिच्या कक्षेत येत नाहीत. तेव्हा पुढच्या वेळी सर्वसाधारण सभेपुढे जलरोधनाचा ठराव येईल, त्यातच उष्णतारोधनाचे एक कलम सभासदांनी घालून घ्यावे.