चप्पल कुठे होती?

पहाटे 4:30, पुणे
हरतालिकेचा दिवस. गुहागरला घरचा गणपती, म्हणून दरवर्षीसारखी आदल्या दिवशीच निघायची घाई. मागच्या सीटवर आई आणि तिच्या शेजारी उभं करून ठेवलेलं मखर. पावसाची भुरभुर चालू होती आणि माझ्या पायांत नवी कोरी कोल्हापुरी. "अहो, पावसात कोल्हापुरी कोण घालतं?" हिने विचारलं. आरतीला शोभते, असं काहीतरी मी म्हणालो. डिकी भरून होईस्तोवर चपलेचा तळ चिंब झाला होता.

5:20, खेड-शिवापूर टोलनाका
टोलमाफीचा पास काचेवर चिकटवलेला, तरी रांग काही चुकली नाही. रांगेत क्लच दाबताना डावा पाय सटकला आणि गाडीने पुढच्या टेम्पोच्या दिशेने एक उडी घेतली. भिजलेलं कातडं रबरी पेडलवर साबणाच्या वडीसारखं पळतं. मी दोन्ही चपला काढल्या आणि पायांनीच थोड्या मागे सारल्या.

6:15, खंबाटकी घाट
अनवाणी चालवायला मजा येत होती, हे कबूल करतो. पेडल किती दबलंय ते तळव्याला थेट कळतं. जाड सोलच्या बुटात ही जाण येत नाही. उणीव एकच, आणि ती मला तेव्हा ठाऊक नव्हती: करकचून ब्रेक मारायची वेळ आली, तर उघड्या पायाला पेडल टोचतं आणि नकळत जोर कमी पडतो.

चढावर गाडीचं नाक वर. चपला आपोआप सीटखाली सरकल्या. सुरूरच्या बाजूला उतरताना त्यातली एक हळूच पुढे आली आणि टाचेला लागली. मी ती टाचेनेच मागे ढकलली. त्या दिवशी मला मिळालेला हा पहिला इशारा, आणि तो मी टाचेखालीच घातला.

7:40, सातारा
चहासाठी थांबलो. कोल्हापुरीला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांपैकी सातारा एक आहे, हे ज्ञान मी त्याच ओल्या चपला घालून हिला दिलं. तिचं लक्ष नव्हतं. हरतालिकेचा उपास, त्यात तिला चहाही चालत नाही.

गाडीत बसताना चपला पुन्हा काढल्या. "त्या इकडे द्या, मी पिशवीत घालते," ही म्हणाली. "आणि अनवाणी चालवताय, पोलिसाने पकडलं तर?" मग मी कायदा सांगायला बसलो. 2019च्या सप्टेंबरात नवे दंड लागू झाले, तेव्हा चप्पल घालून चालवलं तर दंड, लुंगी-बनियनवर दंड अशा अफवा उठल्या होत्या. शेवटी नितीन गडकरींच्या कार्यालयाला खुलासा करावा लागला, की असा काही दंड नाही. मोटारीत कायदा पाय तपासत नाही. धोकादायक चालवलं तर मात्र कलम 184 आहेच.

वाद मी जिंकलो. त्या नादात चपला तिच्याकडे द्यायच्या राहून गेल्या.

8:50, उंब्रज
महामार्ग सोडून उजवीकडे वळलो. मल्हारपेठ, पाटण. या टप्प्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही.

10:05, कोयनानगर
पाऊस वाढला. आईला पट्टा लावायला सांगितलं, तर म्हणाली, "अरे, मागे कशाला पट्टा? साडी चुरगळते." मीही आग्रह धरला नाही.

10:30, कुंभार्ली घाट
माथ्यावर दाट धुकं. ज्या गिअरात घाट चढायचा त्याच गिअरात उतरायचा, हे मला वडिलांनी शिकवलं होतं. मी तिसऱ्यात होतो. दुसऱ्यात टाकायला हवी होती. पण मागून एक गाडी सारखी दिवे मारत होती आणि मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

आता गाडीचं नाक खाली. प्रत्येक ब्रेकसरशी गाडीतलं मोकळं सामान पुढे येणार, हे शाळकरी पोरालाही सांगता येईल. पाण्याची बाटली आली, ती हिने उचलली. चप्पल आली, ती कोणालाच दिसली नाही.

10:41
वळणापलीकडे एसटी उभी. ब्रेकवर पाय दिला. पेडल बोटभर खाली गेलं आणि दगडाला टेकल्यासारखं थांबलं. आणखी जोर केला, तर तळव्यात कळ गेली. काटा पंचेचाळीसवर होता, म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर. ब्रेक गेले असंच मला वाटलं. पाय उचलून खाली बघावं, हे सुचायलाच तीन सेकंद लागले असतील. तेवढ्यात जवळजवळ चाळीस मीटर संपले.

हिने हँडब्रेक ओढला. मी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दरीची बाजू उजवीकडे होती.

10:42
आवाज संपल्यावर आधी पाऊस ऐकू आला. आम्ही दोघं पट्ट्यात लटकलेले. आई पुढच्या सीटवर आदळून खाली पडली होती. 4 सप्टेंबर 2022ला पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री मागे पट्टा न लावता बसलेले असताना मोटार अपघातात गेले, तेव्हा मागच्या सीटच्या पट्ट्यावर महिनाभर मीच सगळ्यांना व्याख्यानं दिली होती. आईच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. ती फक्त मखराचं विचारत होती.

11:20
एसटीचा ड्रायव्हर मदतीला आला. त्याने माझ्या बाजूचं दार उघडून खाली हात घातला आणि ब्रेकच्या पेडलमागून डावी कोल्हापुरी ओढून काढली. तिची टाच खाली, पुढचा भाग पेडलच्या मागे, अशी पाचर बसली होती. मग त्याने पंजाने पेडल दाबलं. ते आता कुठे अडलं नाही. तो काहीच बोलला नाही. चप्पल त्याने माझ्या पायाशी ठेवली, कारण रस्त्यावर काचा होत्या.

त्यानंतर
आईचं ऑपरेशन झालं. हात आता खांद्याच्या वर जात नाही, वेणी ही घालून देते. त्या वर्षी गणपती चुलत भावाने बसवला.

मोटार वाहन निरीक्षकाने गाडी तपासली. ब्रेक सुस्थितीत असल्याचं अहवालात आहे. पंचनाम्यात अपघाताचं कारण लिहिलंय: पावसामुळे रस्ता निसरडा होऊन चालकाचा ताबा सुटला. चपलेचा उल्लेख कुठेही नाही. पोलीस आले तेव्हा ती माझ्या पायात होती.