१९८२ चे विज्ञान प्रदर्शन : एक दुरुस्ती

स्मरणिकेसाठी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांचा इतिहास लिही, असं संपादक मंडळाने सांगितलं. लिहायला बसलो आणि एका वर्षापाशीच अडकलो. प्रयोगशाळेत दारावर जे तिसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र अजून लटकतंय, ज्याच्याखाली परवा आपण सगळ्यांनी फोटो काढला, त्याबद्दल आधी लिहायला हवं.

राष्ट्रीय पातळीवरची विज्ञान प्रदर्शनं एनसीईआरटीने १९७१ पासून सुरू केली. शाळा, तालुका, जिल्हा असा खालून वर जाणारा रस्ता. १९८२ मध्ये तालुक्याचं प्रदर्शन आपल्याच शाळेत भरलं. आपण दहावीत होतो. केंद्र सरकारचा बायोगॅसचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८१-८२ मध्ये सुरू झाला होता आणि गावोगावी अनुदानाची चर्चा होती. त्यामुळे सरांनी आम्हा तिघांना गोबर गॅसचं चालतं मॉडेल करायला सांगितलं. तक्त्यावर आम्ही मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, की मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्यापासून गॅस करून दिवे लावले होते. ही माहिती सरांची. तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नव्हता.

दोनशे लिटरचं डांबराचं पिंप, वरचं झाकण कापलेलं. त्यात शेण आणि पाणी समसमान कालवून केलेला शेणकाला. वर जरा लहान पिंप पालथं घातलेलं. गॅस साठला की ते वर उचललं जातं, वापरला की खाली बसतं. सरांनी दिवाळीच्या सुट्टीआधी भरा म्हणून सांगितलं होतं. आम्ही भरलं सुट्टीनंतर, २५ नोव्हेंबरला. फटाके, मामाचं गाव, दुसरं काय!

पिंप वर यायला लागलं तेव्हा आम्ही नाचलो. पण काडी लावली की विझायची. सुरुवातीच्या गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, मिथेन करणारे जिवाणू सावकाश वाढतात, आणि थंडीत तर फारच सावकाश. आपल्याकडे कृष्णाकाठी डिसेंबरात पिंपाला हात लावला तर बोटं आखडायची. चालू प्लँटमधली बादलीभर स्लरी विरजणासारखी घातली असती तर काम लवकर झालं असतं, हे मला फार नंतर कळलं.

सर म्हणाले, "नाही पेटला तर नाही पेटला. का नाही, ते लिहा." मला ते पटलं नाही. आदल्या रात्री मी आणि आपला एक मित्र (तो आता नाही) गावातल्या एका चालू प्लँटवर गेलो आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमध्ये गॅस भरून आणला. ज्या प्लँटवरून बादलीभर स्लरी मागायला हवी होती, तिथून आम्ही गॅस चोरला. सकाळी टेबलाला चादर लावली, नळी मागून जोडली आणि मित्र ट्यूबवर गुडघा टेकून आत बसला.

परीक्षक तिघे होते. ज्योत निळी, सुरेख. मी प्रमाण सांगितलं, जिवाणू सांगितले, सुरुवातीचा गॅस का पेटत नाही हेसुद्धा घडाघडा सांगितलं! त्यातले एक वयस्कर परीक्षक ज्योतीकडे बघतच नव्हते. ते वरच्या पिंपावरच्या खडूच्या खुणेकडे बघत होते.

"गॅस जळतोय, मग पिंप खाली का येत नाही?"

"सर, थोडा वेळ लागतो," मी म्हणालो.

त्यांनी पिंपाला हात लावला आणि नोंदवही मागितली. नोंदी आमच्यातली तिसरी ठेवायची. (नाव छापू नकोस, असं तिने बजावलंय.) रात्रीचा आमचा उद्योग तिला माहीत नव्हता. शेवटची नोंद होती : १४ डिसेंबर. पिंप ९ सें.मी. वर. काडी विझली.

त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. वही मिटून तिच्याच हातात दिली आणि पुढच्या टेबलाकडे गेले. दुपारी तिसरा क्रमांक जाहीर झाला. गुणपत्रिकेवर शेरा होता, 'नोंदी उत्तम.' मी तो कित्येक वर्षं आमच्या ज्योतीला मिळालेला समजत होतो.

ती पुढे दहावी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. सरांना कळलं होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही, आणि आता सर नाहीत.

हा लेख लिहिण्याआधी मी तिला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पिंप कुणी रिकामं केलं नव्हतं, माहितीये तुला?" अभ्यासाच्या सुट्टीतही ती रोज शाळेत जात होती. वही तिच्याकडे अजून आहे. तिने शेवटच्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या शाईत, जरा घाईत लिहिलेलं :

२४ फेब्रुवारी १९८३. पिंप २१ सें.मी. वर. आज पेटला. शिपाईमामांनी पाहिला.