स्कुटारीचे आकडे आणि पाच ओळींचा उतारा

आज लढाई नाही. लढाईच्या मागे जे इस्पितळ असतं, त्याची गोष्ट आहे. आणि खरं सांगायचं तर त्या इस्पितळाबद्दल लिहिलेल्या पाच ओळींची.

ही मालिका स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी बरीच मुलंमुली बघतात. त्यांना आठ-दहा ओळींचा उतारा देतात, विषय इतिहासापासून कीटकशास्त्रापर्यंत काहीही असतो, आणि विचारतात : यातून कोणता निष्कर्ष निघतो? लेखकाने काय गृहीत धरलं आहे? कोणत्या माहितीने त्याचा मुद्दा लंगडा पडेल? मुलांना वाटतं ही भाषेची परीक्षा आहे. माझ्या मते ही रिपोर्ट वाचण्याची परीक्षा आहे. गस्तीवरून आलेला जवान सांगतो, ‘पलीकडे धूर दिसला, शत्रूने तळ ठोकलाय.’ धूर दिसला ही माहिती. तळ ठोकला हा त्याचा तर्क. पहिलं लिहून घ्यायचं आणि दुसरं तपासायचं, हे सैन्यात पहिल्या वर्षीच शिकवतात.

आता हा उतारा वाचा. पाठ्यपुस्तकांत आणि भाषणांत जे येतं त्याच धर्तीवर मी तो मुद्दाम रचला आहे.

‘नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिकांसह स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात दाखल झाल्या. तिथली अवस्था भयंकर होती. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्या दर हजार रुग्णांमागे ४२७ जण दगावत होते. जूनपर्यंत हे प्रमाण २२ वर आलं. शिस्तबद्ध शुश्रूषेने किती जीव वाचतात, हे यावरून सिद्ध होतं.’

पहिली चार वाक्यं बरोबर आहेत. स्कुटारी म्हणजे आजच्या इस्तंबूलमधलं उस्कुदार. क्रिमियाच्या युद्धात तुर्कांनी आपली मोठी बराक ब्रिटिशांना इस्पितळासाठी दिली होती. आकडेही नोंदलेले आहेत, त्यात बनवाबनवी नाही. गडबड आहे ती पाचव्या वाक्यात, आणि ती पकडायला क्रिमियाचा तज्ज्ञ असण्याची गरज नाही. उताऱ्यातल्याच दोन तारखा शेजारी शेजारी ठेवा. बाई पोचल्या नोव्हेंबरमध्ये. मोजणी सुरू होते फेब्रुवारीपासून. मधले तीन महिने कुठे गेले?

त्या तीन महिन्यांत मृत्यूंचं प्रमाण वाढत गेलं. परिचारिका हजर, नाइटिंगेलबाई रात्रंदिवस राबताहेत, आणि तरी माणसं जास्त मरताहेत. फेब्रुवारी हा त्या चढाचा माथा होता. माथ्यापासून मोजायला सुरुवात केली की पुढे उतारच दिसणार. उतारा खोटं बोललेला नाही, त्याने फक्त सोयीच्या जागी उभं राहून दुर्बीण लावली आहे.

प्रमाण वाढलं का, हे बघण्यासारखं आहे. सेव्हास्तोपोलचा वेढा लांबला होता. १४ नोव्हेंबरच्या वादळात ‘प्रिन्स’ नावाचं जहाज बालाक्लाव्हापाशी बुडालं आणि हिवाळी कपडे त्याच्याबरोबर तळाला गेले. जवान चिखलाच्या खंदकात, अपुऱ्या अन्नावर, हगवण आणि स्कर्व्हीने पोखरलेले. तिथून त्यांना जहाजात घालून काळ्या समुद्रापार स्कुटारीला आणत. म्हणजे दाखल होणारा माणूसच अर्धमेला असायचा. आणि ज्या इमारतीत तो यायचा तिच्याखालची गटारं तुंबलेली, संडास ओसंडणारे, खाटांमध्ये हातभर अंतर नाही, पाणी दूषित. एकूण हिशेब सांगतो : त्या युद्धात ब्रिटिशांचे सुमारे २१ हजार लोक मेले, त्यांपैकी १६ हजारांहून अधिक रोगाने. गोळी, संगीन आणि तोफ यांच्या वाट्याला उरलेले आले.

मार्च १८५५ मध्ये काय बदललं? लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. डॉ. जॉन सदरलंड, डॉ. हेक्टर गॅव्हिन आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचा अभियंता. त्यांनी गटारं उपसून धुतली, शेकडो हातगाड्या कचरा बाहेर काढला, मेलेली जनावरं पुरली, पाण्याचा मार्ग साफ केला, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. यात शौर्यपदक मिळावं असं काहीच नाही. पण मृत्यूचा आकडा घसरतो तो यानंतर.

इथे बरीच हुशार मुलं उडी मारतात : ‘म्हणजे सर, श्रेय परिचारिकांचं नाही, गटारांचं!’ थांबा. पहिला लेखक ‘यानंतर झालं, म्हणून यामुळे झालं’ म्हणाला. तुम्हीही तेच म्हणताय, फक्त माणसं बदललीत. मार्च ते जून या काळात आणखी एक गोष्ट बदलली, तिचं नाव उन्हाळा. थंडी सरली, नवे रुग्ण कमी आणि धडधाकट येऊ लागले, खाटांमधली गर्दी ओसरली. आयोग आला नसता तरी आकडा थोडाफार उतरलाच असता.

मग निवाडा कसा करायचा? अशा वेळी एकच मार्ग : जिथे एक कारण हजर आहे आणि दुसरं नाही, अशी जागा शोधायची. नशिबाने इतिहासाने ती ठेवली आहे. युद्ध १८५६ पर्यंत चाललं, म्हणजे दुसरा हिवाळा आला. सगळा खेळ ऋतूचा असता तर ब्रिटिश जवान पुन्हा तसेच मरायला हवे होते. तसं झालं नाही, दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचं प्रमाण खालीच राहिलं. शेजारी त्यांचे दोस्त फ्रेंच होते. पहिल्या हिवाळ्यात त्यांची व्यवस्था ब्रिटिशांपेक्षा चांगली मानली जात होती. दुसऱ्या हिवाळ्यात, त्याच थंडीत, त्यांच्या तळांमध्ये टायफसने हाहाकार उडवला. ऋतू एकच, परिणाम उलटा. तेव्हा ‘उन्हाळ्याने वाचवलं’ हे उत्तर एकटं टिकत नाही.

तरीही गटारांना शंभर गुण देऊ नका. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ब्रिटिशांकडे लाकडी झोपड्या होत्या, गरम कपडे होते, बालाक्लाव्हाच्या बंदरापासून वर रसद नेणारी रेल्वे होती. त्यांच्या वाट्याचं श्रेय किती, हे या आकड्यांतून सुटं करता येत नाही. परिचारिकांनी जे केलं, स्वयंपाकघर, स्वच्छ चादरी, मापात दिलेलं खाणं, तेही शून्य नव्हतं. मी एवढंच म्हणेन, की फेब्रुवारी आणि जूनचे दोन आकडे त्याचा पुरावा म्हणून उभे करता येत नाहीत.

आणि गंमत म्हणजे खुद्द नाइटिंगेलबाईंनी ते तसे उभे केले नाहीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी विल्यम फार या आकडेशास्त्राच्या जाणकाराबरोबर बसून नोंदी चाळल्या आणि १८५८ मध्ये त्या वर्तुळाकार आकृत्या छापल्या : निळा भाग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याने बाकी सगळ्यांना गिळलं आहे. त्यांची मागणी होती बराकी, पाणी आणि गटारं सुधारा. स्वतःच्या इस्पितळातली माणसं घाणीने मेली हे त्यांना तिथेच उमगलं की परतल्यावर, यावर इतिहासकारांत वाद आहे, ह्यू स्मॉल यांच्या १९९८ च्या पुस्तकाने तो पेटवला. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता. त्या दूषित हवेला दोष देत. उपपत्ती चुकीची, उपाय बरोबर. हेही होतं.

एवढा खल कशाला, असं विचाराल. कारण निष्कर्षावर खर्च ठरतो. ‘परिचारिकांनी वाचवलं’ असं मानलं तर पैसा परिचारिकांवर जाईल, बराकीखालचं गटार तसंच राहील. आणि हा प्रश्न लगेच आपल्या दारात आला. १८५९ मध्ये हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. देशभरच्या छावण्यांतून प्रश्नावल्यांची उत्तरं मागवली गेली आणि नाइटिंगेलबाईंनी त्यांवर टिपणं लिहिली. १८६३ चा अहवाल आला आणि पुढच्याच वर्षी बंगाल, मद्रास आणि मुंबई इलाख्यांत स्वच्छता आयोग बसले. पुणे, कामठी, बेळगाव, महू इथल्या कँटोन्मेंटचे सरळ रस्ते आणि मोकळ्या बराकी बघून शिस्तीचं कौतुक करणाऱ्यांनी हा अहवालही आठवावा.

त्या अहवालाचा गाजलेला आकडा असा : हजारी ६९ मृत्यू दरसाल. आणि १८७३ मध्ये नाइटिंगेलबाईंनी अभिमानाने सांगितलं, की तो १८ वर आला. आता तुमची पाळी. ६९ ही सुमारे चाळीस वर्षांची सरासरी आहे, तिच्यात मोहिमा आणि साथी सगळं आलं. १८ हा सुधारणेनंतरच्या अलीकडच्या काळाचा आकडा. दोन्ही एकाच मापाचे आहेत का? सुधारणा खरी होती याबद्दल मला शंका नाही, पण किती, हे या जोडीवरून सांगू नका.

शिवाय हे ६९ होते फक्त गोरे सैनिक. देशी शिपायाचा मृत्युदर त्याच काळात, त्याच हवेत, बराच कमी नोंदला गेला. काही साहेब म्हणत, हिंदुस्थानची हवाच युरोपियनाला मारते. कमिशनचा रोख बराकी, दारू आणि पाण्याकडे होता. शिपाई राहायचा लाइनीत, स्वतःच्या झोपडीत, आपल्या हातचं खाऊन. त्याच्या अंगी इथल्या रोगांची सवयही असणार. पण यातलं एखादं कारण निवडण्याआधी नोंदवहीकडे बघा. आजारी शिपाई रजेवर रत्नागिरीला किंवा साताऱ्याला आपल्या गावी गेला आणि घरच्या ओसरीवर वारला, तर पलटणीच्या वहीत तो कुठल्या खान्यात लिहिला गेला असेल?