लुटीचा हिरा आणि इतिहासाची साक्ष : ‘द मूनस्टोन’ कशी वाचावी?

१/ ४ मे १७९९. भर दुपारी कावेरीचे पात्र ओलांडून इंग्रजी फौज श्रीरंगपट्टणच्या तटावर चढली. दिवस मावळला तेव्हा टिपू सुलतान मृत होता आणि शहरात लुटीला ऊत आला होता. विल्की कॉलिन्सची ‘द मूनस्टोन’ ही रहस्यकादंबरी याच दिवसापासून सुरू होते.

२/ टिपूच्या शस्त्रागारात जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी रक्षकांना ठार करून एक पिवळा हिरा पळवतो. नाव ‘मूनस्टोन’ असले, तरी तो आपल्याकडचा चंद्रकांत मणी नव्हे. हिरा मृत्युपत्राने त्याच्या भाचीकडे येतो. २१ जून १८४८ रोजी, अठराव्या वाढदिवशी, तो तिच्या हाती पडतो आणि त्याच रात्री यॉर्कशायरमधील घरातून नाहीसा होतो. तो कोणी नेला, हे रहस्य येथे फोडणे वाचकावर अन्याय ठरेल.

३/ हिरा काल्पनिक, लूट मात्र खरी. टिपूचे व्याघ्रसिंहासन फोडून त्याचे तुकडे करण्यात आले. इंग्रज शिपायावर झेपावणारा त्याचा प्रसिद्ध लाकडी वाघ लंडनला गेला. तो आजही तेथील संग्रहालयात आहे. लूट आवरण्यासाठी आर्थर वेलस्लीने काही लुटारूंना फासावर चढवले.

४/ यातील विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. शिपायाने परस्पर खिशात घातलेला दागिना हा गुन्हा होता. तोच खजिना समितीने मोजून हुद्द्याप्रमाणे वाटला, की तो हक्क ठरे. हर्नकॅसल पहिल्या प्रकारचा चोर आहे. दुसऱ्या प्रकारच्या लुटीला काय म्हणावे, हा प्रश्न कॉलिन्स उघडपणे विचारत नाही. परंतु जागरूक वाचकाला तो टाळताही येत नाही.

५/ कादंबरीची रचना न्यायालयातील जबान्यांसारखी आहे. म्हातारा कारभारी, वकील, डॉक्टरचा मदतनीस असे अनेकजण आपापला वृत्तांत लिहितात. नियम एकच : स्वतः पाहिले तेवढेच सांगायचे. हर्नकॅसलचा चुलतभाऊही अगदी आरंभी कबूल करतो की प्रत्यक्ष हत्या त्याने पाहिलेली नाही. खात्री आहे, पण पुरावा नाही. बखर आणि दफ्तरातील कागद ताडून पाहणाऱ्या संशोधकाला ही अडचण चांगलीच परिचित आहे.

६/ तपासाच्या कथेलाही इतिहासाचा आधार आहे. १८६० साली इंग्लंडमधील रोड हिल हाउस या घरात एका बालकाचा खून झाला. नाहीशा झालेल्या एका झोपण्याच्या झग्यावरून गुप्तहेर जोनाथन व्हिचरने घरातल्याच मुलीवर संशय घेतला. लोकांनी त्याची निर्भर्त्सना केली. १८६५ मध्ये मुलीने गुन्हा कबूल केला. कादंबरीतही रंगाचा डाग लागलेला झगा हा कळीचा दुवा आहे आणि सार्जंट कफ हा व्हिचरची आठवण करून देतो.

७/ तत्कालीन वाचकाला हिरा म्हणताच कोहिनूर आठवत असे. १८४९ मध्ये दहा वर्षांच्या दुलीपसिंगाकडून तो तहाच्या कलमाने घेण्यात आला. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात लोकांनी तो पाहिला आणि पुढच्याच वर्षी नव्याने पैलू पाडताना त्याचे वजन १८६ कॅरेटवरून सुमारे १०६ कॅरेटवर आले. कॉलिन्सने प्रस्तावनेत कोहिनूरचा ऋणनिर्देश केला आहे.

८/ हिऱ्याचे मूळ स्थान म्हणून कॉलिन्सने सोमनाथ निवडले, तेही सहज नव्हे. १८४२ मध्ये गव्हर्नर-जनरल एलनबरोने गझनीहून आणलेले दरवाजे सोमनाथचे असल्याचा डंका पिटला होता. ते देवदार लाकडाचे निघाले, सोमनाथशी त्यांचा संबंध नव्हता, आणि ते आग्र्याच्या किल्ल्यातच राहिले.

९/ येथे लेखकाची चूकही नोंदवली पाहिजे. तो सोमनाथाला कपाळी हिरा धारण करणारी चंद्रदेवाची मूर्ती मानतो. वस्तुतः सोमनाथ म्हणजे सोमाचा नाथ, शिव. तेथे पूजा होते ती लिंगाची. कादंबरीचा शेवट १८५० च्या सुमारास सोमनाथ येथे होतो. त्या काळी जुने मंदिर भग्न होते; पूजा चाले ती अहिल्याबाई होळकरांनी १७८३ मध्ये जवळच बांधलेल्या मंदिरात.

१०/ कॉलिन्सचा स्वतःचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. १८५७ च्या उठावानंतर डिकन्ससह त्याने इंग्रज कैद्यांची एक कथा लिहिली; तीत सूडाचा आवेश स्पष्ट आहे. अकरा वर्षांनी त्याच डिकन्सच्या साप्ताहिकात त्याने लिहिलेल्या या कादंबरीत मूळ चोर इंग्रज आहे आणि हिऱ्यामागे आलेले तीन ब्राह्मण आपले दैवत परत मागणारे आहेत.

११/ ‘द मूनस्टोन’ ४ जानेवारी ते ८ ऑगस्ट १८६८ या काळात ३२ हप्त्यांत प्रसिद्ध झाली. हप्ते चालू असतानाच, १३ एप्रिलला, रॉबर्ट नेपियरच्या फौजेने इथिओपियातील मगदला किल्ला घेतला. मोहिमेची जुळवाजुळव मुंबईहून झाली होती. सम्राट तेवोद्रोसने आत्महत्या केली. मुकुट, चर्चमधील पवित्र वस्तू, हस्तलिखिते लुटली गेली आणि त्यांचा लिलाव झाला. इंग्रज वाचक एका जुन्या लुटीचे रहस्य उलगडत असताना नवी लूट जहाजांवर चढत होती.

१२/ तरीही कादंबरीत एक उणीव राहतेच. सर्वांची जबानी घेणारा लेखक त्या तीन ब्राह्मणांची जबानी घेत नाही. त्यांनी घरदार आणि जात सोडून वर्षानुवर्षे पाठलाग केला, हे आपल्याला इंग्रजांच्या तोंडून कळते. ज्यांचा हिरा, त्यांचाच कागद दफ्तरात नाही.

१३/ म्हणून अशी कादंबरी वाचताना दोन तपास एकाच वेळी करावेत. पहिला, चोर कोण? दुसरा, कोणाची साक्ष नोंदली गेली आणि कोणाची नाही? पहिल्याचे उत्तर शेवटच्या प्रकरणांत मिळते. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी पुस्तक मिटून संग्रहालयांतील काचेच्या कपाटांपुढे उभे राहावे लागते.