सलाईनच्या बाटलीत काय नव्हतं?

मंडळी, अंगात त्राण उरलं नाही, की मंद्रूपला काय किंवा सोलापूरला काय, आपण डॉक्टरांना एकच सांगतो : 'एक सलाईन लावा, ताकद येईल.' ही ताकद बाटलीत कधी आली आणि आली तेव्हा काय झालं, ते आज आपण बघू.

१८३२ साली कॉलऱ्याच्या साथीत स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लॅटा या डॉक्टरांनी रुग्णांच्या शिरेत मीठ-सोड्याचं पाणी सोडलं. जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार त्यातून भरून निघायचे. पण ते काही अन्न नव्हतं. आजच्या साध्या सलाईनच्या लिटरमध्येही ९ ग्रॅम मीठ असतं, ऊर्जा शून्य. पाच टक्के ग्लुकोजची लिटरभर बाटली म्हणजे साधारण आपली ज्वारीची एक भाकरी!

पूर्ण अन्न शिरेतून देता येतं हे १९६८ साली सिद्ध झालं. अमेरिकेत स्टॅन्ली डड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याची पिल्लं फक्त शिरेतून पोसली, आणि ती वाढली. मग आतडं निकामी झालेली माणसंही यावर जगू लागली. पण भाकरी-भाजीतून जे क्षार नकळत पोटात जातात, ते बाटलीत कुणीतरी मोजून घालावे लागतात. जस्त राहिलं, की त्वचेवर चट्टे उठायचे. १९७७ साली टोरांटोच्या डॉ. खुर्शीद जीजीभॉय यांनी एका बाईंची हकीकत छापली. साडेतीन वर्षं शिरेतून अन्न घेतल्यावर वजन घटलं, नसा दुखावल्या, साखर आवरेना. क्रोमियम दिलं, आणि त्या सुधारल्या.

याहून मोठा धडा १९८१ चा. फार खंगलेल्या दोन रुग्णांना अमेरिकेत शिरेतून एकदम भरपूर अन्न दिलं गेलं, आणि दोघंही दगावले. का? साखर आली, की इन्सुलिन वाढतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढलं जातं. रक्तात ते उरलं नाही, की हृदय आणि श्वास अडखळतो.

म्हणून घरातला माणूस बरेच दिवस जेवला नसेल, तर डॉक्टर रक्त तपासून हळूहळू अन्न वाढवतात. तेव्हा आपण 'लवकर भरा' म्हणून घाई करायची नाही. आणि तोंडाने खाता येत असेल, तर? मग आपली भाकरीच बरी. तिच्यातले क्षार कुणी मोजायला लागत नाहीत.